क्वेसारची तेजस्विता वाढली की कार्बनची रेषा दबते, हे स्वतः मोजून कसं बघायचं

क्वेसार (प्रचंड कृष्णविवरात पडणाऱ्या वायूमुळे झळाळणारं दूरच्या दीर्घिकेचं केंद्र) जितका तेजस्वी, तितकी त्याची कार्बन फोरची, म्हणजे तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या कार्बनची रेषा (1549 अँगस्ट्रॉम तरंगलांबीवाली) मागच्या कंटिन्यूअमच्या, म्हणजे सर्व तरंगलांबींवर पसरलेल्या सलग उजेडाच्या मानाने बुटकी दिसते. जॅक बाल्डविन यांनी 1977 मध्ये हे दाखवलं, म्हणून नाव बाल्डविन इफेक्ट. स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे या आकाश-पाहणीचे स्पेक्ट्रा (प्रत्येक तरंगलांबीला किती उजेड आहे त्याचे आलेख) फुकट मिळतात, त्यामुळे घरबसल्या करून बघता येतं, आणि खरंच करून बघा कारण नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

आधी रेडशिफ्ट (विश्वाच्या प्रसरणामुळे तरंगलांबी किती ताणली गेली त्याचं माप) 2 च्या आसपासचे क्वेसार घ्या, तिथे ही रेषा साधारण 4650 अँगस्ट्रॉमला म्हणजे ऑप्टिकलमध्ये येते. ब्लेझार, म्हणजे ज्यांचा जेट (वेगवान कणांचा झोत) आपल्याकडे रोखलेला असतो ते क्वेसार, सरळ वगळा, त्या जेटचा उजेड कंटिन्यूअम फुगवतो. रेषेच्या निळ्या बाजूला रुंद खड्डा असलेले, म्हणजे BAL (ब्रॉड अ‍ॅबसॉर्प्शन लाइन) क्वेसार, तेही नकोत, तो खड्डा रेषाच खाऊन टाकतो.

मग 1450 आणि 1700 अँगस्ट्रॉमच्या (या मूळ तरंगलांबी, स्पेक्ट्रममध्ये त्या एक अधिक रेडशिफ्ट इतक्या पटीने सरकलेल्या दिसतात) जवळच्या सपाट भागांतून कंटिन्यूअमची रेघ ओढा, रेघेच्या वरचं क्षेत्रफळ काढा आणि त्याला कंटिन्यूअमने भागा, ही झाली इक्विव्हॅलंट विड्थ. इथे सगळ्यात जास्त जण चुकतात: आलेल्या आकड्याला एक अधिक रेडशिफ्टने भागायचं असतं. समजा रेडशिफ्ट 2 ला 120 अँगस्ट्रॉम आले तर खरी विड्थ 40च. हे विसरलात तर लांबचे क्वेसार उगाच दणकट रेषांचे वाटतील, आणि लांबचे म्हणजे बहुतेक तेजस्वीच असल्यामुळे आपल्याला जे बघायचंय तेच पुसलं जाईल.

आता आलेख काढा: 1450 अँगस्ट्रॉमची तेजस्विता आडवी, विड्थ उभी, दोन्ही लॉगमध्ये. उतार साधारण उणे 0.17 च्या आसपास यायला हवा, म्हणजे तेजस्विता 10 पट झाली की विड्थ जवळपास एक तृतीयांशाने घटते. पण रेषा स्वतः मंद होत नाही हां, तिचा उजेड वाढतोच, जवळजवळ 7 पट, फक्त कंटिन्यूअमची बरोबरी करू शकत नाही.

ठिपके भयंकर विखुरलेले दिसतील, घाबरू नका. एकेक क्वेसारचा उजेड कमीजास्त होत असतो आणि रेषा देणारा वायू लांब असल्यामुळे त्याला ते उशिरा कळतं. म्हणून तेजस्वितेचे गट पाडून प्रत्येक गटाचा सरासरी स्पेक्ट्रम काढा, फरक तिथे स्वच्छ दिसतो. अजून एक, कंटिन्यूअम दोन्ही अक्षांत आहे, त्यामुळे तो गोंगाटी असेल तर खोटा उतारही तयार होतो, खराब स्पेक्ट्रा निर्दयपणे काढा.

कारण काय, यावर अजून वाद आहे. मला पटणारं म्हणजे तेजस्वी क्वेसारच्या प्रकाशात आयन बनवणाऱ्या जोरदार फोटॉनांचा वाटा कमी असतो. जास्त आयनीकरण लागणाऱ्या रेषांचा उतार बहुधा जास्त तीव्र असतो, ते याच्याशी जुळतं. नायट्रोजन फाइव्हची (चार इलेक्ट्रॉन गमावलेल्या नायट्रोजनची) रेषा मात्र या नियमात बसत नाही, म्हणून कार्बनचा आलेख जमला की पुढचा नंबर तिचा लावा.