दूध सोडून बाकीचं सगळं

पावसाळ्यात विहिरींवरच्या मोटारी जळत नाहीत. त्यामुळे माझं रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून द्यायचं, दुकान जून ते सप्टेंबर उघडं असून नसल्यासारखं. आमची बाय जन्मली ती नेमकी आषाढात. सासूबाईंचं मणक्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून बायकोला बाळंतपणाला माहेरी पाठवायचा प्रश्नच नव्हता. चिपळूणपासून पाऊण तासावर आमचं कौलारू घर. घरात सत्तरीची आई, ओली बाळंतीण आणि रिकामा मी. अशा वेळी बापाने काय करायचं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. हळूहळू कळलं ते असं: पाजणं तेवढं तिचं, बाकीचं सगळं आपलं.

हे ‘बाकीचं’ किती असतं बघा. पहिल्या महिन्यात बाळ दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पितं. एकेक पाजणं अर्धा तास धरलं तरी बाईचे चार ते सहा तास त्यातच जातात, तेही तुकड्या-तुकड्यांनी. ती पाजायला बसली की पाठीला उशी, हाताशी पाण्याचा तांब्या आणि डिंकाचा एखादा लाडू ठेवायचा. पाजून झालं की बाळ आपण उचलायचं आणि तिने तिथल्या तिथे आडवं व्हायचं. ‘ढेकर काढते नि मग झोपते’ असं ती म्हणेल, ते ऐकायचं नाही. रात्रीत असे तीन अर्धे तास मिळाले तर सकाळी माणूस माणसासारखं बोलतं.

ढेकर काढणं हे बापाचं पहिलं काम, आणि मी ते पहिला आठवडाभर चुकीचं केलं. बेअरिंग बसवताना ठोकतात तसं पाठीवर थापट्या मारत होतो. आई आतून ओरडली, ‘‘मेल्या, पोर आहे ती, मोटार नव्हे!’’ मग तिनेच दाखवलं. खांद्यावर जुनं दुपटं टाकायचं. बाळाची हनुवटी खांद्याच्या वर येईल इतकं उंच घ्यायचं, म्हणजे पोट आपल्या खांद्याच्या हाडावर हलकं दाबलं जातं. एक हात बुडाखाली. दुसऱ्या हाताने मान सावरत तळवा कमरेपासून वर फिरवायचा, थोपटायचं ते हळूच. खांद्यावर जमलं नाही तर मांडीवर बसवायचं, छाती आपल्या तळव्यावर आणि जबडा अंगठा व बोटांच्या बेचक्यात. गळा दाबला जात नाही ना एवढं बघायचं. थोडं पुढे झुकवलं की बहुतेक वेळा काम होतं.

रात्री दोन वाजता झिरोच्या बल्बात मी पडवीत फेऱ्या मारायचो. पागोळ्यांचा आवाज, बेडकांचं चाललेलं, आणि कानाशी तिचा श्वास. मग एकदम मोठ्या माणसासारखी ढेकर, पाठोपाठ दह्यासारखा गुळणीभर ओघळ. घाबरायचं नाही, एवढं दूध बहुतेक बाळं काढतात. दहा मिनिटांत ढेकर आली नाही तर ठोकत बसू नका, पंधरा-वीस मिनिटं उभं धरून फिरवा आणि मग निजवा. उलटी हिरवी असेल किंवा प्रत्येक पाजण्यानंतर पिचकारीसारखी लांब उडत असेल, तर मात्र थेट दवाखाना.

आता लंगोट. शहरात डायपर वापरतात, आम्हीही गावाला जाताना वापरला. पण घरी आईच्या दोन जुन्या सुती लुगड्यांचे चाळीसेक लंगोट निघाले. विरलेला भाग टाकून द्यायचा आणि कडांना टीप मारून घ्यायची. टीप का, ते पुढे सांगतो. बाळ दिवसाला वीस लंगोट आरामात ओले करतं, म्हणजे चाळीस हा दोन दिवसांचा साठा. कोकणात आषाढ-श्रावणात कपडा दोन दिवसांत वाळेल याची खात्री देव पण देत नाही.

माझी पद्धत अशी. शूचे आणि शीचे लंगोट वेगळ्या बादल्यांत. शीचा लंगोट आधी गार पाण्यात खळबळायचा, गरम पाण्याने डाग पक्का बसतो. मग साध्या साबणाने धुवायचा आणि फेस पूर्ण जाईपर्यंत तीन पाण्यांतून काढायचा, कारण कापडात राहिलेल्या साबणानेही बाळाचं बूड लाल होतं. मऊपणाचं सुगंधी पाणी वापरायचं नाही. पिळून झटकायचा, पडवीत दोरीवर दोन लंगोटांत चार बोटं अंतर ठेवून टाकायचा आणि खालून टेबलफॅन लावायचा. वारा वरून नको, खालून. ऐंशी टक्के वाळला की इस्त्री, तिनेच उरलेला ओलावा जातो. पण इस्त्री हजार वॅटची, घरगुती इन्व्हर्टरवर ती चालवू नका. पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून वीज आली की हातातलं काम टाकून आधी इस्त्री. आईचा आग्रह होता की निखाऱ्यांच्या शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर वाळवू. बंद खोलीत निखारे ठेवणं म्हणजे विषारी वायू कोंडून घेणं. मी शेगडीच माळ्यावर टाकली.

दुकानात मी प्रत्येक मोटारीच्या तारेचे वेढे वहीत लिहितो. तीच वही घरी आणली. किती वाजता पाजलं, उजवी बाजू की डावी, शू किती, शी किती. बायको हसली, पण तिसऱ्या दिवशी आशाताई आल्या तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला. पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत निदान सहा वेळा भरपूर शू झाली तर दूध पुरतंय असं समजायचं. बाळ रडतं म्हणून दूध कमी, हा निष्कर्ष घरातलं प्रत्येक माणूस काढतं. वही दाखवली की गप्प बसतं. शी पहिले दोन दिवस काळी, चिकट डांबरासारखी, मग मोहरीसारखी पिवळी. सहा आठवड्यांनंतर आमची बाय चार-चार दिवस करायचीच नाही. अंगावरच्या दुधावर असं होतं. शी मऊ असेल आणि पोर हसतखेळत असेल तर एरंडेल शोधू नका.

आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. त्यांना चहा देऊन वाटेला लावू नका, वजन करून घ्या. जन्मतः २ किलो ८०० भरलेली बाय तिसऱ्या दिवशी २ किलो ६०० होती. माझ्या पोटात गोळा आला. पहिल्या दिवसांत दहा टक्क्यांपर्यंत वजन उतरतं आणि दोन आठवड्यांत भरून येतं, हे त्यांनीच सांगितलं. चौदाव्या दिवशी काटा २ किलो ८५० वर होता.

आईबद्दल लिहायलाच हवं. तिने चार मुलं वाढवली. आम्ही भांडलो नाही, आम्ही सौदे केले. बाळगुटी सहा महिने नाही, पाणीसुद्धा नाही, फक्त अंगावरचं दूध, हे डॉक्टरांच्या तोंडून तिच्यासमोर वदवून घेतलं. माझ्या तोंडून तिने ऐकलं नसतं. गुटीचा डबा तिने देवघरात ठेवला आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मामा सोन्याच्या अंगठीने मध चाटवायला आला, त्याला नुसती अंगठी टेकवायला लावली. मधातून बाळाला जिवावरचा आजार होऊ शकतो, वर्षाच्या आत मध अजिबात नाही. काजळ डोळ्यांत नको म्हटल्यावर तीट तळपायाला लागली. दृष्ट काढायला आमची ना नव्हती, तिने दर शनिवारी मीठ-मोहरी ओवाळली. धुरी पडवीच्या टोकाला, बाळाच्या खोलीत नाही. मोहरीची उशी तिने डोकं गोल व्हावं म्हणून हौसेने शिवली होती. पण बाळाला उताणं, सपाट आणि बिनउशीचं निजवायचं, आजूबाजूला गोधड्यांचा ढीग नको. ती उशी आता आई स्वतःच्या मानेखाली घेते आणि छान झोप लागते म्हणते. नाळेला तेल-हळद काही लावली नाही. लंगोट बेंबीच्या खाली दुमडायचा, नाळ कोरडी ठेवायची. नवव्या दिवशी आपोआप पडली.

माणसं बघायला येतात त्यांचं काम पण बापाचंच. बाळंतीण ‘नको’ म्हणू शकत नाही. मी दाराशी पाण्याची बादली आणि साबण ठेवला, हात धुतल्याशिवाय आत नाही. सर्दी असलेल्याला पडवीतच चहा. पापी कोणालाच नाही. दोघं-तिघं रागावले, बारशाला सगळे आले.

तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळचं रडणं सुरू झालं. दिवेलागणीला सुरू, नऊला बंद. सहाव्या आठवड्यात कळस आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कमी, असा बहुतेक बाळांचा क्रम असतो. उपाय फार नाहीत. भूक, ओला लंगोट, ढेकर, उकाडा बघायचा. मग दुपट्यात गुंडाळून, पाय मात्र आत मोकळे वाकतील असे ठेवून, फिरवायचं. आपलंच डोकं फिरायला लागलं तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवून पाच मिनिटं अंगणात जायचं. हलवायचं, गदागदा हिंदकळायचं कधीच नाही.

एका संध्याकाळी मात्र ते रडणं वेगळं होतं. किंकाळीच, आणि थांबेना. ढेकर नाही, भूक नाही. शेवटी मी मोजे काढले. उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारचं बोट टमाट्यासारखं झालेलं, आणि त्याभोवती बायकोचा एक लांब केस आवळून बसलेला. बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात बाईचे केस खूप गळतात, तसे तिचे गळत होते. वाइंडिंगच्या बारीक तारेशी रोज खेळणारे माझे हात, पण तो केस सुटेपर्यंत थरथरत होते. तो निघाला म्हणून बरं. कातडीत रुतला असता तर त्याच पावली दवाखान्यात जावं लागलं असतं. तेव्हापासून रोज अंघोळीच्या वेळी वीसही बोटं मोजतो आणि मोजे उलटे करून घालतो, म्हणजे दोरे बाहेरच्या बाजूला. लंगोटाला टीप मारायची ती यासाठीच.

कागदपत्रं थोडक्यात. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत. बाळाचं नाव ठरलं नसलं तरी नोंद करा, नाव वर्षभरात विनाविलंबशुल्क घालता येतं. आईबापांच्या नावाचं स्पेलिंग आधारशी अक्षरन्‌अक्षर ताडून मगच सही करा. आमच्या फॉर्मवर बायकोच्या नावात एक अक्षर जास्त पडलं होतं, माझ्या दोन सकाळी गेल्या.

लस जन्मतः, मग ६, १०, १४ आठवड्यांनी, आरोग्य केंद्रात फुकट. माता-बाल संरक्षण कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. डाव्या दंडावर बीसीजीची गाठ महिन्या-दीड महिन्याने येते, फुटते, खपली धरते. तिला काहीही लावायचं नाही. सहा आठवड्यांच्या लसीनंतर त्या रात्री ताप येऊ शकतो. तापाच्या औषधाचे थेंब किती द्यायचे ते वजनावर ठरतं, केंद्रातच लिहून घ्या.

हे मात्र भिंतीवर लिहून ठेवा, आम्ही कॅलेंडरवर लिहिलं होतं. लसीचा तो ताप सोडून काखेत थर्मामीटर ९९.५ च्या वर किंवा ९७.७ च्या खाली. शांत झोपेत मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, किंवा बरगड्यांखाली खड्डा पडणं. पिणं सोडणं, उठवूनही न उठणं. तळहात-तळपायापर्यंत पिवळेपणा, किंवा पहिल्याच दिवशी कावीळ. बेंबीतून पू. यातलं एक जरी दिसलं तरी थेट दवाखाना, पाऊस, रात्र, आईची दृष्ट काहीही मध्ये आणायचं नाही. मी शेजाऱ्याच्या रिक्षाची एक चावी आमच्याकडेच मागून ठेवली होती.

आणि बायको. पहिल्या दहा-बारा दिवसांत ती कारणाशिवाय रडायची, मग थांबली. दोन आठवड्यांच्या पुढे गेलं, झोप मिळूनही झोप लागेना झाली, बाळाकडे बघवेना झालं, तर तो आळस नव्हे, आजार आहे आणि त्याला डॉक्टर आहेत. रोज एकदा ‘बाय कशी आहे’ न विचारता ‘तू कशी आहेस’ विचारायचो. पहिल्यांदा तिने मागे वळून बघितलं, मी दुसऱ्या कोणाशी बोलतोय का ते.

दिवाळीनंतर दुकान सुरू झालं. रात्री दहा ते दोन बाय माझी, दोन ते सहा तिची, अशी पाळी अजून चालू आहे. वही परत मोटारींची झाली. परवा एक गिऱ्हाईक जुन्या मोटारीचे वेढे शोधायला पानं उलटत होतं. चष्मा सारखा करून त्याने वाचलं, ‘‘उजवी दोन दहा, शू दोन, ढेकर नाही… ही कुठल्या कंपनीची हो?’’