क्लाउडमधला फायरवॉल रूल निर्धास्तपणे काढता यावा म्हणून

एका कंपनीत रुजू झाले त्या आठवड्यात तीन क्लाउडांच्या फायरवॉल माझ्याकडे आल्या, म्हणजे कोणतं ट्रॅफिक आत-बाहेर जाऊ द्यायचं हे ठरवणारे रूल. मुख्य कारभार एडब्ल्यूएसवर (ॲमेझॉनचा क्लाउड), बिलिंग ॲझ्युरवर आणि डेटा टीमचं काम गूगल क्लाउडवर. पहिल्याच दिवशी एडब्ल्यूएसच्या एका सिक्युरिटी ग्रुपमध्ये (फायरवॉल रूलच्या संचात) पोर्ट ५४३२ सगळ्या जगाला उघडं दिसलं. म्हणजे पोस्टग्रेसच्या डेटाबेसचं दार ०.०.०.०/० साठी सताड उघडं. वर्णनाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘तात्पुरतं, नंतर काढणे’. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला होता. रूल चुकीचा आहे हे सगळ्यांना कळत होतं, पण काढला तर काय बंद पडेल हे कोणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून तो तसाच राहिला होता.

तो पूर्णपणे काढायला मला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत जे करावं लागलं त्यातूनच माझी कामाची पद्धत तयार झाली, आणि तीच इथे सांगते. रूल टाकायला दोन मिनिटं पुरतात. फायरवॉलची व्यवस्था धड आहे की नाही हे मी एकाच गोष्टीवरून ठरवते: समोर येईल तो रूल का आहे, कोणाचा आहे आणि काढला तर काय होईल, हे सांगता येतं का?

आधी तिन्ही ठिकाणचे रूल वाचायला शिका

तिन्ही क्लाउडांत शब्द सारखे दिसतात, पण वागणूक वेगळी असते. एकीकडची सवय दुसरीकडे नेली की चूक होते.

एडब्ल्यूएसच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये फक्त परवानगी देता येते, मनाई करता येत नाही. त्यामुळे रूलच्या क्रमाला काही अर्थ नसतो. एका नेटवर्क इंटरफेसला तीन ग्रुप जोडलेले असले तर तिघांची बेरीज लागू होते, म्हणजे त्यातला सगळ्यात सैल ग्रुप जिंकतो. एकच ग्रुप उघडून ‘हे तर बंद आहे’ असं कधी म्हणू नका. मनाई हवी असेल तर सबनेटवरच्या (नेटवर्कच्या एका भागावरच्या) नेटवर्क एसीएलकडे, म्हणजे ॲक्सेस कंट्रोल लिस्टकडे, जावं लागतं. तिथे रूलना क्रमांक असतात, लहान क्रमांक आधी तपासला जातो आणि पहिला जुळला की पुढचे पाहिले जात नाहीत. शिवाय सिक्युरिटी ग्रुप जोडणी लक्षात ठेवतो, एसीएल ठेवत नाही. आत येणारं ४४३ उघडलं तरी उत्तर बाहेर जायला १०२४ ते ६५५३५ हे पोर्ट वेगळे उघडावे लागतात. यात मी एकदा अर्धा दिवस घालवलाय. सर्व्हरपर्यंत विनंती पोहोचत होती, लॉगमध्ये दिसत होती आणि ब्राउझर मात्र नुसता फिरत बसला होता.

ॲझ्युरच्या एनएसजीत (नेटवर्क सिक्युरिटी ग्रुपमध्ये) परवानगी आणि मनाई दोन्ही असतात. आपल्या रूलना १०० ते ४०९६ मधला प्राधान्यक्रम द्यायचा, लहान आकडा आधी. एनएसजी सबनेटवर आणि नेटवर्क कार्डावर अशी दोन्हीकडे लागू शकते, आणि मग आत येणाऱ्या ट्रॅफिकला दोघींची परवानगी लागते. इथली खरी मेख ६५००० क्रमांकाच्या मूळच्या रूलमध्ये आहे. तो व्हर्च्युअल नेटवर्कमधलं आपसातलं सगळं ट्रॅफिक आत येऊ देतो. ‘व्हर्च्युअल नेटवर्क’ या टॅगमध्ये (पत्त्यांच्या गटाला दिलेल्या नावात) पीअरिंगने जोडलेली नेटवर्कं आणि व्हीपीएनमागचं ऑफिसचं नेटवर्कही येतं. आमच्या बिलिंगच्या मशीनपर्यंत टेस्टिंगच्या नेटवर्कमधून थेट जाता येत होतं ते याच रूलमुळे, आणि टीमला वाटत होतं की आपण काहीच उघडलेलं नाही. प्रत्येक महत्त्वाच्या सबनेटवर ४००० च्या आसपास स्वतःचा मनाईचा रूल टाका आणि त्याच्या वर, म्हणजे त्याहून लहान आकड्यावर, हवं तेवढंच उघडा. लोड बॅलन्सर (येणाऱ्या विनंत्या मशीनांत वाटणारा) असेल तर त्याच्या सर्व्हिस टॅगलाही परवानगी द्या. मूळची परवानगी ६५००१ वर आहे, ती तुमच्या मनाईखाली दबते आणि हेल्थ चेक, म्हणजे मशीन धड चालू आहे का याच्या तपासण्या, पडतात.

गूगल क्लाउडमध्ये रूल नेटवर्कचे असतात आणि मशीनवर टॅग किंवा सर्व्हिस अकाउंट (मशीनवरच्या प्रोग्रॅमची ओळख) पाहून लागू होतात. प्राधान्यक्रम ० ते ६५५३५. आकडा सारखा असला तर मनाई जिंकते. आयता मिळणारा ‘डिफॉल्ट’ नेटवर्क वापरू नका, त्यात एसएसएच आणि आरडीपी (मशीनवर दुरून लॉगिन करायचे मार्ग) जगाला उघडे येतात. साध्या नेटवर्क टॅगवर मी महत्त्वाचा रूल बांधत नाही. मशीनमध्ये बदल करण्याचा अधिकार असलेला कोणीही टॅग चिकटवून फायरवॉलचं दार उघडू शकतो. त्यापेक्षा सर्व्हिस अकाउंट बरं.

यादी काढा, सगळ्या रीजनची

कन्सोलवर डोळ्यांनी पाहून यादी होत नाही. तिन्ही क्लाउडांच्या कमांड लाइनमधून रूल काढा आणि एकाच तक्त्यात आणा: क्लाउड, खातं, रीजन, दिशा, कुठून, कुठे, पोर्ट, वर्णन, मालक. सिक्युरिटी ग्रुप रीजनपुरते (क्लाउडच्या एका भौगोलिक विभागापुरते) असतात, त्यामुळे न वापरलेली वाटणारी रीजनसुद्धा तपासा. मला एका विसरलेल्या रीजनमध्ये चालू मशीन सापडली होती.

मग आधी ०.०.०.०/० शोधा आणि त्याबरोबर ::/० सुद्धा. आयपीव्ही६ चा हा दुसरा पत्ता लोक हमखास विसरतात. त्यातही २२ (एसएसएच), ३३८९ (आरडीपी), ३३०६ (मायएसक्यूएल), ५४३२ (पोस्टग्रेस) हे पोर्ट आधी. २२ आणि ३३८९ साठी तर आता इंटरनेटवर दार ठेवायचं कारणच उरलेलं नाही. हे पोर्ट जगाला न उघडता लॉगिन करायला एडब्ल्यूएसवर सेशन मॅनेजर आहे, ॲझ्युरवर बॅस्चन आहे आणि गूगलवर आयएपी (आयडेंटिटी-अवेअर प्रॉक्सी) आहे. आयएपीसाठी फक्त ३५.२३५.२४०.०/२० एवढाच पट्टा उघडावा लागतो.

याच तक्त्यात ‘हात लावू नका’ असाही एक रकाना ठेवा. १३०.२११.०.०/२२ आणि ३५.१९१.०.०/१६ हे पत्ते अनोळखी आणि संशयास्पद दिसतात, पण ते गूगलच्या लोड बॅलन्सरचे हेल्थ चेक आहेत. ॲझ्युरवरचा १६८.६३.१२९.१६ हाही तसाच. साफसफाईच्या उत्साहात हे उडवले तर चांगली चालणारी मशीन आजारी ठरवून बाजूला काढली जातात. ज्याने रूल टाकला त्याने कारण लिहिलं असतं तर हा रकाना लागलाच नसता.

जुना रूल काढायचा कसा

५४३२ च्या त्या रूलकडे परत येते.

पहिलं काम, फ्लो लॉग (कोण कुठून कुठे जोडलं गेलं किंवा नाकारलं गेलं याच्या नोंदी) चालू करणं. एडब्ल्यूएसवर व्हीपीसी (तिथलं आपलं खासगी नेटवर्क) फ्लो लॉग दर दहा मिनिटांनी नोंदी गोळा करतो, हवं तर एक मिनिटावर आणता येतो. ॲझ्युरवर नव्याने करत असाल तर व्हर्च्युअल नेटवर्क फ्लो लॉग घ्या. जुने एनएसजी फ्लो लॉग ३० जून २०२५ नंतर नवे तयार करता येत नाहीत आणि ३० सप्टेंबर २०२७ ला बंद होणार आहेत. गूगलवर प्रत्येक रूलवर लॉगिंग वेगळं चालू करावं लागतं.

दोन दिवसांच्या नोंदींत स्वीकारलेल्या जोडण्यांचे तीन प्रकार दिसले. पहिला आमचाच ॲप्लिकेशन सर्व्हर. तो डेटाबेसच्या सार्वजनिक पत्त्यावरून, म्हणजे बाहेरून वळसा घालून येत होता. दुसरा एका भागीदार कंपनीचा रिपोर्टिंग सर्व्हर. आणि बाकी सगळे दार ठोठावत फिरणारे स्कॅनर, शेकड्यांनी.

इंटरनेटला उघडा डेटाबेस महिनाभर नुसता बघत बसणं परवडत नाही. म्हणून मी काढण्याआधी रूल अरुंद केला. ॲप्लिकेशन सर्व्हर आतल्या पत्त्यावर वळवला, त्याच्या सिक्युरिटी ग्रुपला परवानगी दिली, भागीदाराचा एक पत्ता ठेवला आणि तिसऱ्या दिवशी ०.०.०.०/० काढून टाकलं. त्याआधी सगळ्या टीमना तारीख, वेळ आणि माझा नंबर कळवला होता.

पुढचे तीन आठवडे शांत गेले. मग महिन्याच्या एक तारखेला भागीदाराचा मासिक अहवाल अडकला. त्यांचं महिनाअखेरचं काम दुसऱ्याच सर्व्हरवरून चालायचं. फ्लो लॉगमध्ये नाकारलेल्या नोंदी पाहिल्या, पत्ता मिळाला, पंधरा मिनिटांत परवानगी दिली. तेव्हापासून माझा ठोकताळा असा: कुठलाही रूल ‘वापरात नाही’ असं ठरवायला किमान एक महिनाअखेर लॉगमध्ये आली पाहिजे, आणि हिशेबाशी संबंधित यंत्रणा असेल तर एक तिमाहीअखेर.

पाचव्या आठवड्यात भागीदाराला खासगी मार्ग मिळाला आणि सार्वजनिक पत्त्यांचे शेवटचे रूल निघाले. इथे एक बारकावा आहे, तो माहीत नसेल तर फसगत होते. एडब्ल्यूएसवर विशिष्ट पत्त्याचा रूल काढला तरी आधीपासून चालू असलेली जोडणी लगेच तुटत नाही. सिक्युरिटी ग्रुपने ती लक्षात ठेवलेली असते, आणि प्रस्थापित टीसीपी जोडणी निष्क्रिय असली तरी ती आठवण पाच दिवसांपर्यंत टिकू शकते. ॲझ्युरवरही रूलमधला बदल नव्या जोडण्यांनाच लागू होतो. डेटाबेसचे कनेक्शन पूल (पुन्हा वापरायला उघड्या ठेवलेल्या जोडण्यांचे संच) जोडण्या दिवसेंदिवस धरून ठेवतात. तुम्ही सोमवारी रूल काढता, सगळं सुरळीत दिसतं, तुम्ही निश्चिंत होता, आणि शुक्रवारी कोणीतरी सर्व्हर रीस्टार्ट करतो तेव्हा तो जोडलाच जात नाही. तोवर सोमवारच्या बदलाची आठवण कोणाला नसते. म्हणून रूल काढल्यावर त्याच बैठकीत पूल रीस्टार्ट करून पाहा.

याच्या उलटंही घडतं. आत ०.०.०.०/० आणि बाहेर सगळं मोकळं असेल तर एडब्ल्यूएस त्या जोडण्या लक्षातच ठेवत नाही. असा रूल काढला की ज्यांना परवानगी उरत नाही त्या जोडण्या तत्क्षणी तुटतात. म्हणून पहिलं अरुंदीकरण मी पहाटे केलं होतं, दुपारी नाही.

नव्या रूलसाठी शिस्त

रूल कोडमध्ये ठेवा. आम्ही टेराफॉर्म (क्लाउडची मांडणी कोडमधून करायचं साधन) वापरतो, एका रूलला एक रिसोर्स. ग्रुपच्या आत लिहिलेले रूल आणि स्वतंत्र रिसोर्स यांची सरमिसळ करू नका, ते एकमेकांना पुसत राहतात. वर्णनात चार गोष्टी असल्याशिवाय मी बदल मंजूर करत नाही: कारण, मालक टीम, तिकीट क्रमांक आणि मुदत. मालक म्हणून माणसाचं नाव चालत नाही. माणसं जातात, टीम राहते. कारण म्हणून ‘ॲपसाठी लागतं’ हेही चालत नाही. ‘ऑर्डर सेवा पेमेंट डेटाबेसमधून परताव्याची स्थिती वाचते’ असं लिहिलं की दोन वर्षांनी येणाऱ्यालाही कळतं.

शक्य तिथे पत्त्याऐवजी ओळख वापरा: एडब्ल्यूएसवर दुसऱ्या सिक्युरिटी ग्रुपचा संदर्भ, ॲझ्युरवर ॲप्लिकेशन सिक्युरिटी ग्रुप, गूगलवर सर्व्हिस अकाउंट. पत्तेच लागणार असतील तर एडब्ल्यूएसवर प्रीफिक्स लिस्ट (पत्त्यांची एकत्र यादी) करा, पण तिचा कमाल आकार जपून ठरवा. सिक्युरिटी ग्रुपला प्रत्येक दिशेला मूळची मर्यादा ६० रूलची असते, आणि ४० कमाल आकाराची यादी आत पाचच पत्ते असले तरी त्यातले ४० खाते.

रात्री दोनला काही पेटलं असेल तर कन्सोलवरून हाताने रूल टाकायला माझी हरकत नाही. त्या वेळी कोड रिव्ह्यूची वाट पाहायला लावणं चुकीचं आहे. मात्र रोज सकाळी टेराफॉर्म प्लॅन (कोड आणि प्रत्यक्ष मांडणी यांतला फरक दाखवणारी कमांड) आपोआप चालतो आणि कोडशी न जुळणारं सगळं टीमच्या चॅनेलवर येतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो बदल कोडमध्ये आणायचा किंवा काढायचा.

वरचा थर पातळ ठेवा

संपूर्ण संस्थेसाठी रूल लादायची सोय तिन्हीकडे आहे: एडब्ल्यूएसचा फायरवॉल मॅनेजर, ॲझ्युरच्या व्हर्च्युअल नेटवर्क मॅनेजरमधले सिक्युरिटी ॲडमिन रूल आणि गूगलच्या श्रेणीबद्ध फायरवॉल पॉलिसी. ॲझ्युरचे ॲडमिन रूल एनएसजीच्या आधी तपासले जातात. गूगलवर ‘पुढे जा’ म्हणून निर्णय खालच्या पातळीवर सोपवता येतो. इथे मोजकेच रूल ठेवा. आमच्याकडे मनाईचेच आहेत, इंटरनेटवरून २२, ३३८९ आणि डेटाबेसचे पोर्ट बंद. वरून परवानग्या वाटायला लागलात की खालच्या टीमना स्वतःचं दार लावता येत नाही आणि त्यांना कारणही सापडत नाही.

आढावा आणि मुदत

पीसीआय डीएसएसमध्ये (कार्ड पेमेंटच्या सुरक्षेच्या मानकात) किमान दर सहा महिन्यांनी आढावा घ्यायला सांगितलंय. सहा महिन्यांत शेकडो रूल साचतात आणि मग वाचणारा नुसत्या सह्या करतो. मी महिन्याला मुदत संपलेलेच पाहते, ते वीस-पंचवीस असतात. गूगलवर फायरवॉल इनसाइट्स दुसऱ्या रूलखाली झाकले गेलेले रूल दाखवतं, तेही याच बैठकीत घेते.

मालक टीमला सात दिवस देते. उत्तर नाही आलं तर रूल आधी निष्प्रभ करायचा, पुसायचा नंतर. गूगलवर रूल न पुसता बंद ठेवता येतो. ॲझ्युरवर परवानगीचा रूल मनाईचा करून वर्णनात तारीख टाकते. एडब्ल्यूएसवर अशी सोय नाही, तिथे रूल काढायचा तो स्वतंत्र कमिटमध्ये (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलात), एका कमिटमध्ये एकच, म्हणजे परत आणायला तेवढाच उलटवता येतो. एक महिनाअखेर पार पडली आणि नाकारलेल्या नोंदींत आपलं कोणी दिसलं नाही, की मग तो कायमचा पुसते.