गावाची जैवविविधता नोंदवही कशी तयार करावी

जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार ग्रामपंचायत स्तरावर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातील वनस्पती, प्राणी व त्यांविषयीच्या स्थानिक ज्ञानाची नोंद, तयार करणे हे तिचे प्रमुख काम आहे. प्रथम ही नोंदवही ग्रामपंचायतीकडे पाहण्यास मागावी. ती अपुरी असल्यास ग्रामसभेत विषय मांडून ठराव करून घ्यावा.

खरी मेहनत नोंदींत आहे. ‘घुबड दिसले’ एवढ्याने भागत नाही. शहाद्याजवळ १९९७ मध्ये, शतकाहून अधिक काळानंतर पुन्हा सापडलेला रानपिंगळा (लहान घुबडाची एक जात) दिवसाही वावरतो, त्याच्या डोक्यावर साध्या पिंगळ्यासारखे ठळक ठिपके नसतात आणि घरट्यासाठी त्याला झाडांच्या ढोल्या लागतात. म्हणून पक्ष्याबरोबरच जुना साग, त्याची ढोली, महिना आणि परिसर हेही लिहावे. ही माहिती सातपुड्यातील पावरा व भिल्ल वडीलधाऱ्यांकडून, गुराख्यांकडून आदराने व त्यांच्या संमतीने घ्यावी, कारण रानाची बारीक ओळख त्यांना असते. घरट्याची नेमकी जागा मात्र जाहीर करू नये.

एखादी जागा विशेष मोलाची वाटल्यास, जळगावच्या लांडोर खोरीप्रमाणे ती जैवविविधता वारसा स्थळ घोषित व्हावी, यासाठी समितीमार्फत नागपूर येथील राज्य जैवविविधता मंडळाकडे प्रस्ताव पाठवावा.