जुन्या रेल्वे क्रॉसिंगची घंटा आधी रेकॉर्ड करा, फोटो नंतर

अमेरिकेतल्या जुन्या रेलरोड क्रॉसिंगचे सिग्नल आणि घंटा नोंदवून ठेवायचा छंद लागला की पहिली चूक सगळेच करतात, मीही केली, दिसेल त्या खांबाचे धडाधड फोटो काढत सुटलो आणि वर्षभराने बघतो तर निम्मे फोटो कुठल्या क्रॉसिंगचे ते मलाच सांगता येईना. म्हणून आता गाडीतून उतरलो की पहिला फोटो निळ्या पाटीचा, बाकीचे फोटो घंटा रेकॉर्ड झाल्यावर. खांबावर नाहीतर बाजूच्या, सिग्नलची यंत्रणा ठेवलेल्या डब्यावर ही छोटी निळी पाटी असते, इमर्जन्सीचा फोन नंबर आणि त्याखाली सहा आकडे आणि एक अक्षर. सिग्नल बदलला तरी हा नंबर त्या जागेलाच चिकटलेला राहतो, आणि फेडरल रेलरोड अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या साइटवर टाकला की रस्ता, रेल्वे कंपनी, माइलपोस्ट (रेल्वेमार्गावरचा मैलाचा आकडा) सगळं निघतं. फाइलचं नाव पण तसंच ठेवायचं, आधी नंबर, मग तारीख, मग कुठल्या दिशेने काढलाय ते.

आता घंटा. खांब, दिवे वर्षानुवर्षं तसेच राहतात आणि घंटा मात्र गुपचूप बदलून जाते, जुनी मेकॅनिकल काढून इलेक्ट्रॉनिक बसवली तरी रस्त्यावरच्या कुणाला पत्ता लागत नाही. मेकॅनिकल घंटेत खरी धातूची वाटी असते आणि हातोडी तिच्यावर आपटते, त्यामुळे झूम करून बघितलं तर वाटीची कड दिसते, आणि कानाला तर लगेच कळतं, प्रत्येक टोला अगदी सारखा नसतो आणि बंद झाल्यावरही वाटी थोडा वेळ घुमत राहते. इलेक्ट्रॉनिकमध्ये स्पीकर असतो, टोले एकाला एक झेरॉक्स.

रेकॉर्डिंगची खरी अडचण म्हणजे ट्रेनचा हॉर्न. इंजिन ड्रायव्हरला क्रॉसिंगच्या १५ ते २० सेकंद आधी हॉर्न सुरू करावा लागतो, दोन लांब, एक आखूड, एक लांब, आणि आवाज ९६ ते ११० डेसिबल. त्यात घंटा पार बुडते. पण सिग्नल ट्रेन यायच्या किमान २० सेकंद आधी सुरू व्हायला लागतो, म्हणजे सुरुवातीला थोडे सेकंद निव्वळ घंटा मिळते, तेवढ्यासाठी रेकॉर्डर आधीच चालू करून बसायचं, घंटा वाजल्यावर बटण शोधत बसलात तर गेलं. ऑटो लेव्हल (रेकॉर्डर आवाज आपोआप कमीजास्त करतो ते) बंद, गेन म्हणजे माइक आवाज किती जोरात घेतो ते कमी, माइकला वाऱ्यासाठी फर. फाटकाचा दांडा खाली आल्यावर घंटा थांबते की ट्रेन जाईपर्यंत वाजते, हेही लिहून ठेवा, सगळीकडे सारखं नसतं. घरी आल्यावर १५ सेकंदातले टोले मोजून चारने गुणायचे, झाला मिनिटाचा वेग.

दिव्यांचं तसं सोपं आहे. जुने ८ ३/८ इंची, नंतरचे १२ इंची. पण फोटोपेक्षा व्हिडिओ घ्या, कारण बल्ब हळूच पेटतो आणि हळूच विझतो, एलईडी फटकन, आणि हा फरक फोटोत येतच नाही.

मेकरचं नाव घंटेच्या नाहीतर खांबाच्या खालच्या ओतीव भागावर उठावाच्या अक्षरांत सापडतं, रंगाचे थर बसलेले असले तर ऊन तिरपं असताना जा, सावलीमुळे अक्षरं वर येतात. शिकागोची वेस्टर्न रेलरोड सप्लाय, मिनियापोलिसची ग्रिसवोल्ड, रॉचेस्टरची जनरल रेल्वे सिग्नल, युनियन स्विच अँड सिग्नल ही नावं दिसतील. मात्र एक नाव वाचलं म्हणून सगळा सिग्नल त्यांचा असं लिहू नका, दुरुस्तीत घंटा एकाची, दिवे दुसऱ्याचे असं सर्रास होतं, प्रत्येक पार्टची नोंद वेगळी ठेवा.

विगवॅग दिसला तर नशीब! लाल दिव्याची गोल तबकडी लोलकासारखी डुलते, १९०९ च्या सुमाराला पॅसिफिक इलेक्ट्रिक या रेल्वे कंपनीच्या अल्बर्ट हंटने काढलेली आयडिया. कॅलिफोर्नियात पॉइंट रिचमंडला दोन जपून ठेवलेत, काम मात्र शेजारचे नवे सिग्नल करतात.

आणि हो, रुळापासून १५ फूट लांबच. ट्रेन रुळाच्या बाहेर दोन्हीकडे किमान ३ फूट येते हे लोकांच्या लक्षात राहत नाही. ती जागा रेल्वेची खाजगी मालमत्ता असते, तेव्हा फूटपाथवरून झूम करा, सिग्नलच्या डब्याला हात लावू नका.

एखाद्या क्रॉसिंगवर जुन्या खांबाशेजारी नवा खांब उभा दिसला, दिवे रस्त्यापासून तोंड फिरवून पिशवीत गुंडाळलेले, तर जुना लवकरच जाणार असं समजा, बाकीचे प्लॅन सोडा आणि त्याच आठवड्यात रेकॉर्डर घेऊन तिथे जा.