पंपावर जाण्याआधी: कॅल्शियमची तयारी

हृदयाच्या ऑपरेशनसाठी पेशंट पंपावर, म्हणजे हार्ट-लंग मशीनवर, जाणार असेल तर आदल्या संध्याकाळी फाइल चाळताना नुसत्या टोटल कॅल्शियमवर भिस्त ठेवू नका. त्यातलं जवळपास निम्मं प्रथिनांना वगैरे चिकटलेलं असतं. हृदयाच्या कामी येतं ते आयोनाइज्ड (मोकळं) कॅल्शियम, एबीजीत (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत) साधारण लिटरला १.१ ते १.३ मिलिमोल. पेशंटचं थायरॉइडचं ऑपरेशन झालंय का, डायलिसिस चालू आहे का, हे घरच्यांनाही विचारा. मानेत थायरॉइडला लागून असलेल्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी शाबूत आहेत की नाहीत, यावर उद्याचं बरंच काही ठरतं.

तान्हं बाळ असेल आणि ट्रंकस (हृदयातून एकच मोठी धमनी निघणं) किंवा तुटलेली महाधमनीची कमान असेल, तर डायजॉर्ज या जन्मजात आजाराची तपासणी झाली का ते बघाच. अशा बाळांत या ग्रंथी अपुऱ्या असू शकतात, आणि नवजात हृदयाचा स्वतःचा कॅल्शियमसाठा आधीच तुटपुंजा असतो. रक्तही इरॅडिएटेड (किरणांनी प्रक्रिया केलेलं) लागेल, तेव्हा रक्तपेढीला वेळेत कळवा.

मॅग्नेशियम पाहून ठेवा. ते फार खाली असेल तर पीटीएच हे पॅराथायरॉइडचं हार्मोन नीट सुटत नाही, मग कॅल्शियम कितीही द्या. सॅम्पलच्या सिरिंजमध्ये हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) जास्त राहिलं तर कॅल्शियमचा आकडा खोटाच कमी येतो. एबीजीसाठीची तयार सिरिंज वापरा.

कॅल्शियमच्या सिरिंजवर क्लोराइड की ग्लुकोनेट हे ठळक लिहा. १० टक्क्यांच्या १० मिलीत क्लोराइडमधून सुमारे २७२ मिग्रॅ कॅल्शियम जातं, ग्लुकोनेटमधून ९३. क्लोराइड सेंट्रल लाइननेच (मोठ्या शिरेतल्या नळीतूनच). रक्त किंवा बायकार्ब (सोडियम बायकार्बोनेट) चालू असलेल्या लाइनमधून दोन्ही नकोत.

पंप सुरू होताच प्राइममुळे (मशीनमध्ये आधी भरलेल्या द्रवामुळे) रक्त पातळ होतं, रक्ताच्या पिशवीतलं, ते गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट कॅल्शियम बांधतं आणि आकडा घसरतो. इथे नवखे घाबरतात. ग्रंथी धड असतील तर पीटीएच मिनिटांत वाढतं आणि कॅल्शियम हळूहळू वर येऊ लागतं. १८८३ साली सिडनी रिंगर यांनी बेडकाचं हृदय कॅल्शियमविना थांबतं हे दाखवलं खरं, पण रक्तपुरवठा तुटलेल्या स्नायूला कॅल्शियम भरमसाट मिळालं तर पेशी मरतात. म्हणून महाधमनीवरचा क्लॅम्प (चिमटा) निघाल्या निघाल्या सिरिंज उचलू नका. हृदयाला थोडा वेळ द्या, एबीजी बघा, मग ठरवा.

आयसीयूत सोपवताना शेवटचा एबीजी किती वाजताचा आणि त्यानंतर किती एफएफपी (गोठवून ठेवलेला प्लाझ्मा) गेलं, ते कागदावर लिहून द्या. एफएफपीतही सायट्रेट असतंच.