मधुमेह लपवल्याचं कारण देऊन आयुर्विम्याचा दावा नाकारला : माझा अनुभव

वडील गेल्यावर कंपनीचं पत्र आलं : मधुमेह लपवला, दावा नामंजूर. शाखेत खेटे घातले, एजंट फोन उचलेना. डोकं फिरलं होतं.

आधी पॉलिसीवरची तारीख पाहिली. विमा कायदा १९३८, कलम ४५ : पॉलिसी दिल्यापासून ३ वर्षं उलटली की कोणत्याही कारणाने ती वादात ओढता येत नाही. (बंद पडून पुन्हा चालू केली असेल तर मोजणी तिथून.) हेच कलम लिहून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला अर्ज दिला, पोच घेतली. महिनाभर उत्तर नाही. मग विमा लोकपालांकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकून निवाडा देणारे अधिकारी) गेलो. नकारपत्र, पॉलिसी, मृत्यूचा दाखला, पोच सोबत. फी नाही, वकील चालत नाही, भरपाईची मर्यादा ५० लाख रुपये. सुनावणीत कंपनीकडे कलम ४५ला उत्तर नव्हतं. निवाडा आमच्या बाजूने, आणि तो कंपनीवर बंधनकारक. ग्राहक आयोगात आधीच गेलात तर मात्र लोकपाल तक्रार घेत नाहीत.