दुसरी शाखा काढण्यापूर्वी: वडापावच्या मालकासाठी मॅकडोनाल्ड बंधूंचे धडे

कोथरूडच्या गाळ्यासमोर संध्याकाळी रांग लागू लागली की मालकाला हिंजवडीत दुसरी शाखा काढण्याचे वेध लागतात. जागा पाहण्याआधी रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनाल्ड या भावांनी काय केले, ते समजून घ्यावे. कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे १९४० मध्ये सुरू केलेले त्यांचे उपाहारगृह उत्तम चालत असतानाही १९४८ मध्ये त्यांनी ते काही महिने बंद ठेवले आणि विक्रीचा मोठा भाग हॅम्बर्गरचा आहे हे हिशेबावरून दिसल्यावर पदार्थांची यादी नऊवर आणली. आपणही महिनाभर प्रत्येक पदार्थाची विक्री वेगळी लिहावी. केवळ शेजारच्या दुकानात मिळते म्हणून ठेवलेले सँडविच आणि नूडल्स बहुधा तिथेच गळतील.

त्यानंतर आखणी. या भावांनी टेनिस कोर्टवर खऱ्या मापाचे स्वयंपाकघर खडूने आखले, कामगारांना त्यात खोटेखोटे काम करायला लावले आणि कोण कोणाच्या आड येतो ते पाहून रेषा बदलल्या. नव्या गाळ्याचे माप घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे सहज करता येते. वडे वळणारा, तळणारा, पाव कापून चटणी लावणारा आणि गल्ल्यावरचा, असे चौघे आपापल्या जागी उभे करावेत. उकळत्या तेलाची कढई ज्याच्या वाटेत येते, त्याची जागा तिथल्या तिथे बदलावी. ओटा बांधून झाल्यावर हीच दुरुस्ती फार महाग पडते.

सारणाचे प्रमाण, कच्च्या वड्याचे वजन आणि तेलाचे तापमान कागदावर उतरवावे. ‘आमच्या हाताला अंदाज आहे’ हे उत्तर एका गाळ्यापुरतेच चालते, कारण तो हात दोन ठिकाणी असू शकत नाही. मालक आठवडाभर फिरकला नाही आणि रोजच्या गिऱ्हाइकांना चवीत फरक जाणवला नाही, तरच पुढे जावे.

परवान्यांबाबत थोडक्यात सांगायचे तर अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना प्रत्येक पत्त्यासाठी स्वतंत्र लागतो आणि गाळ्याचा लीव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच हवा.

नावाकडे मात्र अधिक लक्ष द्यावे. मिल्कशेकची यंत्रे विकणारे रे क्रॉक १९५४ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, या भावांकडे आले, १५ एप्रिल १९५५ रोजी त्यांनी इलिनॉयमधील डेस प्लेन्स येथे मॅकडोनाल्ड्सच्याच नावाने आपले पहिले दुकान उघडले आणि १९६१ मध्ये २७ लाख डॉलर देऊन भावांचे नावासकट सगळे हक्क विकत घेतले. सॅन बर्नार्डिनोचे दुकान भावांकडेच राहिले, पण त्यावर स्वतःचे आडनाव लावण्याची सोय उरली नाही. ‘द बिग एम’ अशी पाटी लावावी लागली आणि जवळच क्रॉक यांनी मॅकडोनाल्ड्सचे दुकान थाटले. म्हणून फ्रँचायझी मागणारा पहिला माणूस येण्यापूर्वीच नावाच्या ट्रेडमार्कसाठी अर्ज करावा आणि करारात नाव वापरण्याची परवानगी मुदतीपुरती व पत्त्यापुरती द्यावी. पाटीवर घराण्याचे आडनाव असेल, तर वकिलाकडून मसुदा तपासल्याशिवाय सही करू नये.